गोवरीच्या निखाऱ्यावरचे रोडगे आणि पानगे

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हा पट्टा नागपूर व अमरावती जिल्ह्यांना लागून आहे. २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा तो हाच. संत्र्याच्या बागांचा आणि मराठी बोलणारा हा मुलूख. पांढुर्णा व सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे सावरगावचे नाव बाहेर ठाऊक असते. विदर्भाशी एकजीव असलेल्या येथील खाद्यपरंपरेकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. तंबू ठोकून रानात रात्र काढणाऱ्याला त्या परंपरेतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, कारण रोडगे भाजायला तवा, ओव्हन, यांपैकी काहीच लागत नाही.

रोडग्यासाठी गव्हाचे पीठ जाडसर दळलेले हवे. एक किलो पिठाला साधारण शंभर ग्रॅम तेलाचे मोहन, मीठ आणि थोडा ओवा घालून पुरीसारखे घट्ट मळावे व अर्धा तास झाकून ठेवावे. मग कणकेची लहान गोळी करून तिला तेल लावायचे, ती दुसऱ्या पारीत गुंडाळायची, पुन्हा तेल, पुन्हा पारी. असे तीन-चार थर होतात. तेलामुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत आणि कणकेतील पाण्याची वाफ त्यांच्यामधून फिरून आतला गोळा शिजवते. बाहेरचा थर करपला तरी बिघडत नाही. तो सोलून टाकता येतो, आणि राखही त्याच्याबरोबर जाते.

खरी कसोटी विस्तवाची. नवशिका हमखास ज्वाळेवर भाजायला घेतो. मग वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक! गोवऱ्या पूर्ण वाळलेल्या असाव्यात, ओलसर गोवरी नुसती धुमसते. त्या एकमेकींना टेकवून गोल रचाव्यात, पेटवाव्यात आणि ज्वाळा व धूर दोन्ही थांबेपर्यंत हात आवरावा. वर पांढरी राख धरली की निखारे पसरून रोडगे त्यांवर ठेवावेत, फिरवत तांबूस करावेत आणि मग गरम राखेत दडपावेत. राख उष्णता कोंडून धरते, म्हणून आच मंद व सारखी राहते. अर्ध्या-पाऊण तासाने रोडगा दाबून पाहावा. तो फुटू लागला की झाला. जाड कापडात घोळवून राख झाडायची, फोडून त्यावर तूप सोडायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचे वरण.

पानगे त्याहून सोपे. तीच कणीक चपटी थापून पळसाच्या दोन ओल्या पानांमध्ये ठेवायची आणि निखाऱ्यावर उलटसुलट भाजायची. पान जळते, कणकेला त्याचा वास लागतो. हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाणाऱ्या गोवेकराला ही कल्पना परकी वाटू नये. फरक इतकाच, की तेथे वाफ आणि येथे निखारा. मात्र फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा झाडावर पाने जवळपास नसतात. त्या दिवसांत जाणाऱ्याने केळीचे पान बरोबर न्यावे. माळव्यातील बाटी आणि बिहारमधील लिट्टी ही रोडग्याचीच भावंडे. बाफला मात्र भाजण्याआधी पाण्यात उकडतात.

सरपणासाठी ओळख नसलेली काटकी वापरू नये. कण्हेर विषारी आहे. तिची काडी चुलीत नको आणि वांगी खोचून भाजायलाही नको.

विस्तव कोठे पेटवावा, हा प्रश्न चवीपेक्षा मोठा. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानी घाटाचे जंगल लागते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या दृष्टीने वणव्याचा काळ, आणि भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना विस्तव पेटवणे हा गुन्हा आहे. शेताचा मालक परवानगी देत असेल तर मोकळे, नांगरलेले रान निवडावे आणि भोवतालचा पालापाचोळा झाडून काढावा. वारा सुटला असेल तर त्या दिवशी शिदोरीच बरी.

गोवरीचा निखारा राखेखाली तासन् तास जिवंत राहतो. त्यावर माती लोटून निघून जाणे ही सर्वांत धोकादायक सवय आहे. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे, आणि हाताची पालथी बाजू राखेजवळ धरून ऊब लागत नाही याची खात्री झाल्यावरच जागा सोडावी.