आरसा गेला, लेन्स राहिली
मैत्रिणींनो, पूर्वी लग्नात फोटोग्राफर आणायचा त्या मोठ्या कॅमेऱ्यात छोटा आरसा असायचा. समोरचं चित्र तो डोळ्याकडे वळवायचा, फोटो काढताना खटकन वर जायचा. २००८ साली ऑलिंपस आणि पॅनासॉनिक या जपानी कंपन्यांनी बिनआरशाच्या कॅमेऱ्यासाठी लेन्स जोडायचं एकच कडं ठरवलं. त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी-१ आला. कॅमेरा हलका झाला, पण स्क्रीन सतत चालू, त्यामुळे बॅटरी लवकर संपते. ऐन हळदीत आमची फजिती झालीय! २०२१ मध्ये ऑलिंपसने कॅमेऱ्याचा धंदा दुसऱ्या कंपनीला दिला. आम्ही धास्तावलो, बचतीतून घेतलेल्या लेन्सचं काय? पण कडं तेच राहिलं. जुनीच लेन्स लावून परवा गटाच्या पापडांचे फोटो काढले.