नियामक मंडळाचे दार : कॅलिफोर्निया विद्यापीठ, २०२०

१/ विद्यापीठाचा इतिहास म्हटला की आपण विद्वान आणि अध्यक्ष आठवतो. निर्णय जेथे होतात त्या दालनात सामान्य माणसाला प्रवेश होता का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ १८६८ मध्ये स्थापन झालेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा कारभार 'बोर्ड ऑफ रीजंट्स' हे नियामक मंडळ पाहते. शुल्कवाढ असो वा विद्यापीठाच्या अध्यक्षाची नेमणूक, अंतिम मतदान येथेच होते.

३/ बंद दाराआड चालणाऱ्या सरकारी कारभाराविरुद्ध त्या राज्याने दोन कायदे केले. १९५३ चा ब्राउन कायदा स्थानिक संस्थांसाठी, तर १९६७ चा बॅग्ली-कीन कायदा राज्यस्तरीय मंडळांसाठी. रीजंट्सना दुसरा लागू होतो.

४/ त्यातील दूरस्थ बैठकीचा नियम मोठा कडक होता. सदस्य जेथून दूरध्वनीवर सहभागी होईल, ते ठिकाण कार्यक्रमपत्रिकेत जाहीर करायचे आणि जनतेसाठी खुले ठेवायचे. म्हणजे सदस्य घरून बोलला, तर त्याचे घरही सभास्थान ठरे!

५/ प्रत्यक्ष उपस्थितीला एवढे महत्त्व का? नोव्हेंबर २००९ मध्ये रीजंट्सनी लॉस एंजेलिसच्या परिसरात ३२ टक्के शुल्कवाढ मंजूर केली, तेव्हा बाहेर शेकडो विद्यार्थी निदर्शने करत होते. शुल्कवाढ टळली नाही. पण मत देणाऱ्यांना त्या गर्दीजवळूनच जावे लागले.

६/ मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी आदेश काढून ही अट तात्पुरती स्थगित केली. सदस्यांनी घरून बोलावे; जनतेने दूरध्वनीवरून अथवा इंटरनेटवरून ऐकावे आणि मत मांडावे, अशी व्यवस्था झाली.

७/ या काळात केवळ किरकोळ कामकाज झाले, असे मुळीच नाही. २१ मे २०२० रोजी रीजंट्सनी प्रवेशासाठी सॅट व एसीटी परीक्षांची सक्ती २०२४ पर्यंत स्थगित केली. जुलैमध्ये मायकेल ड्रेक यांची निवड झाली. या विद्यापीठाचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष.

८/ मग दार उघडले की मिटले? मर्सेडच्या विद्यार्थ्याला चार शब्द बोलण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाण्याची गरज उरली नाही, हा लाभ खराच. परंतु दूरध्वनीवर माणसे एकेक करून बोलतात आणि वेळ संपली की आवाज थांबतो. समुदाय म्हणून समोर उभे राहण्याची सोय तेथे नाही.

९/ बोलण्याचा हक्क आणि समोर उभे राहण्याचा हक्क एरवी एकत्र नांदतात, म्हणून ते एकच वाटतात. साथीने ते वेगळे करून दाखवले. उद्या कोणी सोयीचे कारण देऊन कायमची दूरस्थ बैठक मागितली, तर या दोहोंपैकी कोणता हक्क सोडला जात आहे, हे अवश्य विचारावे.