पुढे आलेला हात

बांधावर कुणीतरी चंची सोडतो, चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतो, चुना लावून मळतो आणि शेजाऱ्यापुढे हात करतो. नको म्हणावे तर माणूस नाराज होतो. व्यसनमुक्तीच्या अभ्यासाची सुरुवात या पुढे आलेल्या हातापासून करावी. चारचौघांत लागलेली सवय सुटायलाही चारचौघे लागतात.

सुप्याच्या वाचकाला याचा दाखला आपल्याच पारनेर तालुक्यात सापडतो. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने दारूच्या भट्ट्या बंद झाल्या. पुढे एका होळीला तरुणांनी दुकानांतली तंबाखू, विडी, सिगारेट आगीत टाकली आणि गावातली विक्री थांबली. होळीत वाईट ते जाळावे, हे कुणाला शिकवावे लागले नाही. त्याच गावात दारुड्यांना खांबाला बांधून मारही दिला गेला. गावाचा आधार कुठे संपतो आणि धाक कुठे सुरू होतो, हा या विषयातला पहिला अवघड प्रश्न.

दुसरा प्रश्न ओळखण्याचा. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूर ओढणारे मात्र फक्त ३.८ टक्के. बाकीची सारी तंबाखू तोंडात: मळलेली, माव्यातली, मिश्रीतली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मिश्री मात्र घरीच तव्यावर भाजली जाते. सकाळी ती दातांना लावणारी बाई ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. म्हणून आधी तोंड पाहावे लागते. शेजारच्या पुणे जिल्ह्यात फली मेहता आणि सहकाऱ्यांनी एक लाखावर गावकऱ्यांची तोंडे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष मांडले. कर्करोगाआधीच्या खुणा त्यांनी तिथे शोधल्या.

तिसरा प्रश्न तलफेचा. दुकान बंद झाले तरी निकोटिनची ओढ राहते. चिडचिड आणि अस्वस्थता पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त. तेव्हा समुपदेशन आणि गरजेप्रमाणे औषध उपयोगी पडते; १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सल्लाही मिळतो.

आता सुप्याकडेच पाहा. नगर-पुणे महामार्ग, औद्योगिक वसाहत, पाळीवर येणारे बाहेरगावचे कामगार. इथल्या ग्रामसभेच्या यादीत त्यांची नावे नाहीत आणि त्यांच्या गावची होळी दूर राहिली. रात्रपाळीत झोप उडवायला पुडी फोडणाऱ्याचे चारचौघे कोण? खोलीतले सोबती, डब्याला शेजारी बसणारे, की मुकादम? या विषयात नव्याने येणाऱ्याने हे शोधायला एकदा पाळी सुटताना फाटकाशी उभे राहावे.