बँडीचे जागतिक अजिंक्यपद

पुरुषांच्या बँडीची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५७ साली हेलसिंकीत झाली. नाव जागतिक, पण संघ तीनच होते: सोव्हिएत युनियन, फिनलंड आणि स्वीडन. हंगेरीतील उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडून चारच महिने झाले होते, म्हणून नॉर्वेने निषेधादाखल संघ पाठवला नाही. सोव्हिएत युनियन विजेते ठरले, यजमान फिनलंड दुसरे आले. संघांची चणचण आणि राजकारणाची सावली पहिल्याच वर्षी या स्पर्धेच्या वाट्याला आली आणि पुढेही तिने पाठ सोडली नाही.

बँडी म्हणजे बर्फावरची हॉकी, पण आइस हॉकी नव्हे. मैदान जवळजवळ फुटबॉलएवढे, दोन्ही बाजूंना अकरा खेळाडू, पंचेचाळीस मिनिटांचे दोन डाव. चपट्या चकतीऐवजी टेनिसच्या चेंडूहून किंचित लहान असा कडक चेंडू असतो. गोलरक्षकाच्या हातात काठी नसते. साडेतीन मीटर रुंदीचे गोलजाळे त्याला हातापायांनी आणि अंगानेच राखावे लागते. खरा थरार कॉर्नरच्या वेळी पाहायला मिळतो. बचाव करणारे गोलरेषेमागे दबा धरून उभे राहतात, हल्ला करणारे अर्धवर्तुळाच्या बाहेर. कोपऱ्यातून चेंडू सुटला की बचाव करणारे थेट त्याच्या रोखाने झेपावतात. मैदानी हॉकीतला पेनल्टी कॉर्नर पाहिलेल्याला हे दृश्य ओळखीचे वाटेल. फक्त इथे सगळे स्केट्सवर असतात. थंडीचा कडाका फार असला तर सामना तीस-तीस मिनिटांच्या तीन भागांत खेळवतात.

खेळाचे नियम इंग्लंडच्या पूर्वेकडील पाणथळ फेन प्रदेशात बांधले गेले. तिथल्या बरी फेन क्लबच्या चार्ल्स टेबट यांनी १८८२ मध्ये ते लिहून काढले आणि १८९१ मध्ये हा क्लब हॉलंडमधील हार्लेमला जाऊन खेळून आला. इंग्लंडात पुढे हा खेळ जवळपास विझला. तो टिकला तो उत्तरेत, जिथे हिवाळाभर बर्फ फुकट मिळे. १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून त्याला जागा मिळाली. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड यांनी प्रत्येकी एक सामना जिंकला, गोलफरकावर स्वीडन पहिले आले. पदकांच्या खेळात मात्र बँडीचा समावेश आजतागायत झालेला नाही. १९५५ मध्ये या तिघांनी सोव्हिएत युनियनसह आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. हेलसिंकीची स्पर्धा त्यातूनच उभी राहिली.

१९६१ पासून स्पर्धा दर दोन वर्षांनी भरू लागली आणि तिचा निकाल बहुधा ठरलेलाच असे. १९५७ ते १९७९ या काळातील अकराही स्पर्धा सोव्हिएत युनियनने जिंकल्या. १९६५ मध्ये नॉर्वेने रौप्यपदक मिळवले, हीच काय ती वेगळी बातमी. रशियात बँडीची पाळेमुळे इतकी खोल होती की १९४६ नंतर तिथे आइस हॉकी सुरू झाली तेव्हा तिचे पहिले खेळाडू बँडीतूनच आले. व्सेव्होलोद बोब्रोव्ह हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. स्वेर्दलोव्स्कचा निकोलाय दुराकोव्ह सात वेळा विश्वविजेत्या संघात होता.

ही मक्तेदारी १९८१ मध्ये मोडली, तीही रशियाच्याच भूमीवर. खाबारोव्स्कला स्वीडनने सोव्हिएत युनियनला मागे टाकून पहिले अजिंक्यपद मिळवले. तेव्हापासून करंडक स्वीडन आणि सोव्हिएत युनियन (पुढे रशिया) या दोघांत फिरत राहिला. अपवाद एकच: २००४ मध्ये स्वीडनमधील व्हेस्टेरोस शहरात फिनलंडने अंतिम सामन्यात रशियाला हरवले.

संघांची संख्या मात्र वाढत गेली. १९८५ मध्ये अमेरिका आली, पुढे कॅनडा आणि हंगेरीही. २००३ पासून स्पर्धा दरवर्षी होऊ लागली आणि दुबळ्या संघांसाठी दुसरा गट रुळला. २०१४ मध्ये सोमालियाच्या नावाने एक संघ सायबेरियात उतरला. स्वीडनमधील बोर्लेंगे गावात आश्रय घेतलेल्या तरुणांचा तो संघ. काही महिन्यांपूर्वी स्केट्सवर उभे राहण्याचीही सवय नसलेल्या या मुलांनी सगळे सामने मोठ्या फरकाने गमावले, तरी त्या वर्षी सर्वाधिक चर्चा त्यांचीच झाली. कझाकस्तानने मात्र खरी झुंज दिली; २०१२ मध्ये अल्माटीत स्वतःच्या प्रेक्षकांसमोर त्याने कांस्यपदक घेतले.

करोनाच्या साथीने २०२० ची इर्कुत्स्क येथील स्पर्धा बुडाली, तर २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर सिक्तिवकारला होणारी स्पर्धाही रद्द झाली. रशियाला बाहेर ठेवून २०२३ मध्ये स्वीडनने आपल्याकडेच ती पुन्हा भरवली आणि जिंकलीही. २०२४ मध्ये कार्लस्टाडला करंडक पुन्हा स्वीडननेच राखला. अंतिम सामन्यात समोर फिनलंड होते.