झाकून ठेवलेली गाणी

जयंतीला आपली गायनपार्टी गाते तेव्हा समोरचा माणूस उठून चहाला का जातो? आपण माइक वाढवतो, कोरसला चार पोरं जास्त घेतो, सिनेमाची चाल लावतो. तरी तो बसत नाही. याचं उत्तर मला अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या इतिहासात सापडलं.

गुलामी मोडली आणि 1866 साली नॅशव्हिल गावात लष्कराच्या जुन्या इस्पितळात फिस्क नावाची शाळा निघाली. कालचे गुलाम तिथं अक्षरं गिरवू लागले. पाच वर्षांत शाळा कर्जात बुडाली. तेव्हा शाळेचा खजिनदार आणि गाणं शिकवणारा जॉर्ज व्हाइट हा गोरा माणूस 6 ऑक्टोबर 1871 ला नऊ पोरापोरींना घेऊन उत्तरेत पैसे जमवायला निघाला. बहुतेकजण गुलामीत जन्मलेले. एला शेपर्डला तर तिच्या बापानं पैसे मोजून सोडवलेली.

सुरवातीला ही पोरं गोऱ्यांचीच गाणी गायची. सुरात, तयारीनं. पण पोटापुरतेही पैसे जमेनात.

आईबापांची गुलामीतली गाणी त्यांच्याजवळ होती. पण ती दारंखिडक्या लावून, हळू आवाजात गायची. चव्हाट्यावर नकोच. त्या गाण्यांना गुलामीचा वास, आणि आईबापांची तर ती पवित्र ठेव. एलानं हे पुढं लिहून ठेवलंय.

नोव्हेंबर 1871. ओबर्लिनला पाद्र्यांची परिषद भरलेली. तिथं त्यांनी झाकलेलं एक गाणं काढलं, 'स्टील अवे'. अगदी हलक्या आवाजात. सभा चिडीचूप. मग तीच गाणी कार्यक्रमाचा कणा झाली. 1873 ला ती इंग्लंडच्या राणीनं ऐकली. त्याच साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली. गाण्याच्या पैशातून 1876 ला शाळेची मोठी इमारत उभी राहिली, ज्युबिली हॉल. आजही आहे.

पण एक ध्यानात ठेवा. गाणं ऐकून डोळे पुसणाऱ्या गोऱ्यांच्या मुलखात याच पोरांना हॉटेलात खोली नाकारली गेली. श्रोता रडला म्हणजे बदलला असं नाही. या पोरांना मात्र आपण कशासाठी गातोय ते पक्कं ठाऊक होतं. शाळेसाठी.

माझी आजी बाबासाहेबांच्या ओव्या म्हणायची. एकदा मित्र घरी आले तेव्हा मी तिला गप्प केलं. लाज वाटली. आजी गेली, ओव्याही गेल्या. एकसुद्धा मला पुरी येत नाही.

तुमच्या घरात कोणी असेल तर आज रात्रीच वही घेऊन तिच्याजवळ बसा. जयंतीला माइक थोडा कमी करा अन् तिला पुढं बसवा.