हृदयाचा साकव

सातपुड्याच्या रांगांत, अक्राणी तालुक्यातल्या वस्त्यांवरून रुग्ण दवाखान्याकडे निघतो तो पुष्कळदा माणसांच्या खांद्यावरून. बांबूला बांधलेली झोळी, तिला खांदा देणारे आप्त आणि वाटेत पावसाने फुगलेला ओढा. ओढ्यावर साकव नसेल तर पाणी उतरेपर्यंत काठावर बसून राहण्याखेरीज गत्यंतर नसते. रुग्णाचे भवितव्य मग आजाराइतकेच त्या प्रतीक्षेवर अवलंबून राहते.

हृदयरोपणाच्या इतिहासातही असाच एक ओढा आडवा आला होता. स्वतःचे हृदय थकले आहे, दुसऱ्याचे अजून मिळालेले नाही; मधला काळ रुग्णाने काढायचा कसा? छातीत बसवावयाचा पंप हे या प्रश्नाचे उत्तर होय. शस्त्रवैद्य त्याला ‘रोपणापर्यंतचा पूल’ म्हणतात. आपण साकव म्हणू.

साकवाअभावी काय घडते, हे मुंबईने फार लवकर पाहिले. ३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयरोपण केले. त्यानंतर अडीच महिन्यांतच, १७ फेब्रुवारी १९६८ रोजी, के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका तरुण शेतकऱ्याच्या छातीत दुसऱ्याचे हृदय बसविले. जगातले ते सहावे हृदयरोपण होते. त्यामागे कुत्र्यांवरील अनेक वर्षांच्या प्रयोगांची तयारी होती. तरीही रुग्ण काही तासांतच दगावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केलेला दुसरा प्रयत्नही अल्पजीवी ठरला. उणीव हातांच्या कौशल्यात नव्हती. मेंदूच्या मृत्यूला कायद्याची मान्यता नव्हती, परके हृदय शरीराने स्वीकारावे यासाठी परिणामकारक औषध नव्हते आणि योग्य हृदय मिळेपर्यंत रुग्णाला तगवून धरण्याचे साधनही नव्हते.

त्या साधनाचा शोध अमेरिकेत सुरू झालेला होता. एप्रिल १९६९ मध्ये ह्यूस्टन येथे डॉ. डेंटन कूली यांनी डॉ. डोमिंगो लिओट्टा यांनी विकसित केलेले कृत्रिम हृदय एका रुग्णास बसविले. त्यावर तो ६४ तास जगला. मग मानवी हृदय मिळाले, रोपण झाले आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. साकव उभा राहिला, परंतु पैलतीर मिळाला नाही. पुढे १९८४ मध्ये स्टॅनफर्ड येथे छातीतला डावा कप्पा तसाच ठेवून त्याच्या जोडीला पंप बसविण्यात आला आणि रुग्ण रोपणापर्यंत सुखरूप पोहोचला. सायक्लोस्पोरिन हे औषध तोवर उपलब्ध झालेले होते.

हे आरंभीचे पंप हृदयाचे अनुकरण करीत. खानदेशातल्या विहिरींवर पूर्वी जशी मोट चाले, तसे ते भरत आणि रिते होत. आकाराने मोठे, खडखडणारे आणि झिजणारे. दिशा बदलली ती एका जुन्या कृषिसाधनामुळे. डॉ. रिचर्ड वॉम्पलर यांनी १९७६ मध्ये इजिप्तमधील एका खेड्यात आर्किमिडीजच्या मळसूत्राने पाणी वर चढताना पाहिले. अखंड फिरणारे असेच सूक्ष्म मळसूत्र रक्त का वाहून नेणार नाही? वेगाने फिरणारे पाते रक्तपेशी चिरडून टाकील, अशी जाणकारांना शंका होती. परंतु त्यांनी घडविलेला पंप १९८८ मध्ये मानवी शरीरात यशस्वीपणे चालला. पुढे याच तत्त्वावर दीर्घकाळ टिकणारे लहान पंप आले. ते डाव्या कप्प्यातले रक्त सतत महारोहिणीत ढकलतात. म्हणून अशा कित्येक रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही. हजारो वर्षे वैद्यांनी जिला जीवनाची खूण मानले, ती खूण नाहीशी होऊनही माणूस चालतो, बोलतो, हसतो.

महाराष्ट्रातली प्रतीक्षा मात्र लांबली. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयरोपण केले. मुंबईला तो दिवस दिसला ३ ऑगस्ट २०१५ रोजी, सेन यांच्या प्रयत्नानंतर ४७ वर्षांनी. पुण्याहून वेगाने आणलेले हृदय डॉ. अन्वय मुळे यांनी मुलुंड येथे एका तरुणाच्या छातीत बसविले.

अंगावर बॅटऱ्या बाळगून घरी राहू देणाऱ्या पंपांना अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. योगायोग असा, की त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या दोन घटना शेजारी ठेवल्या की साकवाची खरी लांबी कळते. पंपाची तार पोटाच्या त्वचेतून बाहेर येते. ती जागा नित्य स्वच्छ ठेवावी लागते, नाहीतर जंतू शिरतात. रक्त गोठू नये म्हणून औषध आणि वारंवार तपासणी लागते. बॅटऱ्या भरण्यासाठी न चुकणारी वीज लागते. पंपाची किंमत कित्येक लाखांची. आणि हृदय उपलब्ध झाल्याचा निरोप आला, की रोपणकेंद्रात तत्काळ पोहोचावे लागते.

२०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, हे मोठेच पाऊल होय. तथापि सेन यांच्या पहिल्या रुग्णाची आठवण पुसता येत नाही. तोही शेतकरीच होता. त्या वेळी हे साधन जगात कोणाजवळच नव्हते. आज ते आहे. म्हणून आता विचारावयाचा प्रश्न यंत्राविषयी उरलेला नाही. वीज, रस्ता आणि पैसा ज्याच्यापाशी नाही, त्याला वाट पाहण्याची तरी संधी मिळणार की नाही, हा तो प्रश्न आहे. अक्राणीच्या ओढ्याकाठी झोळी खाली ठेवून बसलेली माणसे तो कधीपासूनच विचारीत आहेत.