संक्रमणमार्गाची नोंद (एच.आय.व्ही. सर्वेक्षण)

संक्रमणमार्गाची नोंद : एच.आय.व्ही.बाधित व्यक्तीस विषाणूची लागण कोणत्या वाटेने झाली, यासंबंधी चाचणी-केंद्राच्या दप्तरी राहणारी नोंद. विषमलिंगी संबंध, समलिंगी संबंध, दूषित सुई, दूषित रक्त, मातेकडून अपत्यास आणि अनिर्दिष्ट असे तिचे ठरीव पर्याय असतात. विषाणूची लागण प्रयोगशाळा सिद्ध करते. परंतु तो देहात कसा शिरला हे चाचणीच्या निकालात उमटत नाही, ते रुग्णाच्या जबानीवरूनच लिहावे लागते. आणि म्हणून या नोंदीची अचूकता ती जबानी कोणी, कोठे व कोणासमोर दिली यावर अवलंबून असते.

मुंबईत शिवडी येथील महापालिकेच्या क्षयरोग रुग्णालयाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एच.आय.व्ही.ने प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या देहात क्षय सहज डोके वर काढतो, यास्तव क्षयरुग्णाची एच.आय.व्ही. चाचणी करण्याचे राष्ट्रीय धोरण आहे. लागणीपासून गंभीर लक्षणांपर्यंत पुष्कळदा 8 ते 10 वर्षे लोटतात. त्यामुळे क्षयाने खंगलेला जो मजूर समुपदेशकासमोर बसतो, त्यास दशकापूर्वीची हकीकत आठवून सांगावयाची असते, आणि तीही कित्येकदा शेजारी पत्नी बसलेली असताना व दाराशी पुढचा रुग्ण खोकत उभा असताना. ‘बाहेर संबंध होते का?’ या प्रश्नावर तो क्षणभर खाली पाहतो आणि म्हणतो, ‘लिहा मॅडम, काय ते.’ जे लिहिले जाते ते बहुधा ‘विषमलिंगी’; कारण सर्व पर्यायांत लौकिकदृष्ट्या कमीत कमी लाजिरवाणा तोच.

ही चूक दोन्ही बाजूंस सारखी विखुरत नाही, एकाच दिशेस झुकते. आणि तिचे गांभीर्य यातच आहे. 2010-11च्या सुमारास चाचणी-केंद्रांच्या राष्ट्रीय आकडेवारीत विषमलिंगी मार्गाचा वाटा सुमारे 87 ते 88 टक्के, तर समलिंगी मार्गाचा दीड टक्क्याच्या आसपास होता. त्याच वर्षीच्या सेंटिनेल (ठरावीक गटांच्या नमुना-चाचणीच्या) सर्वेक्षणात मात्र लागणीचे प्रमाण गरोदर स्त्रियांत 0.40 टक्के, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत 4.43 टक्के आणि तृतीयपंथीयांत 8.82 टक्के आढळले. यांपैकी शेवटचे दोन गट संख्येने लहान असल्याने या तफावतीचा काही भाग उलगडतो. उरलेल्याचा शोध घेताना विवाहित पुरुषाने झाकलेल्या समलिंगी संबंधाचा विचार टाळता येत नाही.

उलट, केवळ पतीशीच संबंध आलेल्या पत्नीची नोंदही त्याच ‘विषमलिंगी’ रकान्यात पडते. तिच्या जोखमीची जात निराळी असूनही दप्तरात ती वेगळी दिसत नाही. दूषित रक्ताची गोष्ट तुलनेने सोपी. रक्ताच्या पिशवीला क्रमांक व तारीख असते, तिचा माग काढता येतो. 1989पासून रक्ताची एच.आय.व्ही. तपासणी सक्तीची झाल्यावर आणि 1 जानेवारी 1998पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आल्यावर हा मार्ग आकुंचित झाला. बालकाच्या बाबतीत मातेची चाचणी साक्ष देते.

अमेरिकेच्या सर्वेक्षणात एकाहून अधिक मार्ग संभवत असल्यास ठरीव अग्रक्रमाने एकच वर्ग दिला जातो, आणि जोखीम न कळलेल्या रुग्णांची वाटणी संख्याशास्त्रीय रीतीने करतात. त्यासाठी ‘अनिर्दिष्ट’ हा शेरा प्रामाणिकपणे लिहिलेला असावा लागतो; अंदाजाने भरलेला रकाना पुढे कोणत्याही गणिताने दुरुस्त होत नाही. शिवडीलगत वडाळ्यास, 1890मध्ये स्थापन झालेल्या अॅकवर्थ कुष्ठरुग्णालयाच्या आवारात मुंबई जिल्हा एड्स नियंत्रण संस्थेचे कार्यालय आहे. कोणत्या गटासाठी किती प्रकल्प व किती निधी, हे ठरविताना अशा कार्यालयांस आकड्यांचाच आधार असतो, आणि ज्यांची नोंद चुकली त्यांच्या वाट्याची मदतही चुकते. या विषयातील सर्वांत सलणारी गोष्ट हीच होय.

समुपदेशकास स्वतंत्र खोली, पुरेसा वेळ आणि दुसऱ्या भेटीत नोंद दुरुस्त करण्याची मुभा देणे, हे सुधारणेचे उपाय खर्चाने अल्प आहेत. खरे सांगण्याच्या भयाचा एक भाग मात्र खोलीबाहेरचा, कायद्यातला होता. भारतीय दंडसंहितेच्या 377व्या कलमातून प्रौढांचे संमतीने झालेले समलिंगी संबंध सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी वगळले, आणि बाधितांच्या माहितीची गुप्तता राखणे बंधनकारक करणारा 2017चा एच.आय.व्ही. व एड्स अधिनियम त्यानंतर चौथ्या दिवशी, 10 सप्टेंबर 2018 रोजी अंमलात आला.